दारावरच्या पेटीचे सेल

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
२ जुलै २०२५

चि. गुरुशांत यास अक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. चंद्रिकाला माझी आठवण सांग.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तरी तू व्हय व्हय म्हणत राहतोस. मागच्या खेपेस मी तुझ्या दाजींची तब्येत सांगत होते आणि तू मला तुरीचा भाव सांगितलास. म्हणून यापुढे कागदावर. शिवाय आकडे कागदावरच बरे.

दाजींचं विसरणं वाढलं आहे. गेल्या महिन्यात सकाळी साडेनऊला ते डबा घेऊन बाहेर पडले आणि दुपारी मोहोळच्या एसटी स्टँडवर सापडले. वीज मंडळातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण त्यांना सबस्टेशनला ड्युटीवर हजर व्हायचं होतं. ओळखीचा कंडक्टर भेटला म्हणून परत आले. दर वेळी भेटेल असं नाही. डॉक्टर सांगतात, दाराला आतून कुलूप लावा. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, एकाही पोराला वर्गात कोंडलं नाही. नवऱ्याला कोंडायची वेळ येऊ नये म्हणून मी एक पेटी केली आहे.

पेटी साबणाच्या डबीएवढी. चौकटीवर पेटी, दाराला चुंबक. दार उघडलं की आतला छोटा बोर्ड बिनतारी खूण पाठवतो आणि आत स्वयंपाकघरात घंटा वाजते. वायर ओढता येत नाही, कारण भिंतीवर लोंबती वायर दिसली की दाजी ती धोकादायक म्हणून कापून टाकतात. प्लगवर चालवता येत नाही, कारण बाहेर निघताना घरातली सगळी बटणं बंद करण्याची त्यांची जन्माची सवय आहे. तेव्हा बॅटरीच हवी.

सोल्डरिंगचे डाग मी स्वतः दिले, चांगले बसले. घंटाही वाजली. दुकानदाराने नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिली आणि बोर्डाला पाच व्होल्ट लागतात म्हणून तीन पायांचा रेग्युलेटर दिला, सात-आठ-शून्य-पाच. बॅटरी एका दिवसात संपली. दुसरी लावली, तीही संपली. दार दिवसातून सहा वेळा उघडतं, उरलेला वेळ पेटी नुसती बसून असते. बसून राहायला इतकी वीज कशाला लागते, हे मला बी. एस्सी.च्या कुठल्याही वर्षी शिकवलेलं नाही.

तू तीस वर्षं रेडिओ उघडलेस. ऑगस्टअखेरपर्यंत मी स्वतःला मुदत दिली आहे. तोवर पेटी चालली नाही तर कुलूप.

उत्तरात आकडे लिही. माया शेवटच्या ओळीत लिहिलीस तरी पोचेल.

तुझी,
अक्का


दुधनी,
९ जुलै २०२५

ती. अक्कास गुरुशांतचा शि. सा. नमस्कार. दाजींना दंडवत.

पत्र वाचून चंद्रिका म्हणाली की, अक्का कौतुक करतात का रागावतात ते कळत नाही. मी तिला सांगितलं, मलापण साठ वर्षांत कळलेलं नाही.

आता पेटीचं. ती चौकोनी बॅटरी म्हणजे वरून पैलवान, आतून काडी. तिच्या पोटात सहा बारके सेल असतात, म्हणून व्होल्ट जास्त आणि दम कमी. बॅटरी घेताना दोन गोष्टी बघायच्या: जोर किती, म्हणजे व्होल्ट, आणि दम किती, म्हणजे मिलिअँपिअर-तास. टाकी किती उंचावर आहे हे एक, आणि टाकीत पाणी किती हे दुसरं. तुम्ही उंची बघितलीत. त्या बॅटरीत जेमतेम चारशे असतात.

त्यात तुमचा तीन पायांचा गडी लई खादाड. वरचे चार व्होल्ट तो नुसते उष्णता करून घालवतो, आणि काही काम नसलं तरी स्वतःच्या पोटाला पाच मिलिअँपिअर घेतो. बोर्ड पंधरा घेत असेल. चारशे भागिले वीस, वीस तास. तुमचा एक दिवस आला की नाही?

तेव्हा बॅटरी काढून टॉर्चचे मोठे सेल चार जोडा. दीड चोक सहा व्होल्ट. सहातून पाच घ्यायला फक्त एक व्होल्ट वाया जातो. दम पाच हजारांचा. दहा-बारा दिवस बघायला नको.

आणि दाजींना कोंडू नका. मला दहावीला विजेचा धडा त्यांनी शिकवला होता, तुमचं लग्न ठरायच्या आधी. तुमच्या धाकानं मला एक अक्षर कळलं नसतं.

राग असला तरी असू दे, पण लोभ बंद करू नका.

आपला,
गुरुशांत


सोलापूर,
१८ जुलै २०२५

चि. गुरुशांत यास आशीर्वाद, या खेपेस हात आखडून.

पेटी बदलून मोठी घेतली आणि तुझे चार सेल लावले. पहिल्या संध्याकाळी दार बंद असताना घंटा अकरा वेळा वाजली. शेजारच्या ईरम्माकाकू शिरा घेऊन आल्या होत्या, त्यांनी मला विचारलं की घरात काही बाहेरचं तर नाही ना. दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं आणि घंटा गप्प. मीटर लावून पाहिलं तर पाचच्या जागी सव्वाचार व्होल्ट. रेग्युलेटरचा छापील कागद मागवून वाचला. त्या तीन पायांच्या गड्याला पाच द्यायचे तर आत किमान सात लागतात. सहा हे पाचापेक्षा जास्त आहेत हे मलाही माहीत होतं. तुझ्या दुकानात तेवढ्यावर भागत असेल.

आता माझ्या डोक्याचं ऐक. दुकानदार म्हणतो, बारा व्होल्टची स्कूटरची छोटी बॅटरी ठेवा. ईरम्माकाकूंचा भाचा इंजिनिअर आहे, तो म्हणतो, लिथियमचा एकच सेल घ्या आणि व्होल्ट वर चढवणारी पट्टी लावा. मोबाइलवर एक गृहस्थ सांगतात की चढवणारी नको, उतरवणारी लावा, आणि दुसरे गृहस्थ सांगतात की दोन्ही करणारी मिळते. चार्ज होणारे सेल दीडचे नसून सव्वाचे असतात, हे कोणीच आधी सांगत नाही. जो तो स्वतःचं उत्तर बरोबर म्हणतो आणि प्रश्न कोणता ते विचारत नाही. मी परीक्षेत असल्या उत्तरांना शून्य दिलं असतं.

पंधरा तारखेला पेटी गप्प असताना दाजी बाहेर गेले. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने थांबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावलं. साडेनऊला ते डब्याची पिशवी घेऊन दाराशी आले, कुलूप हातात घेऊन नीट पाहिलं, आणि मला विचारलं की बाई, परवानगी कोणाकडे मागायची. ओरडले नाहीत, आदळआपट नाही. दीड तास उभे होते. मी कुलूप काढलं आणि त्यांच्यासोबत चौकापर्यंत चालत जाऊन आले. रोज दीड तास त्यांना असं उभं ठेवणं मला जमणार नाही, आणि रोज चौकापर्यंत चालणं माझ्या गुडघ्यांना.

नीट विचार करून लिही. चुकलं तर चुकलं, पण कशामुळे ते लिही.

तुझ्यावर अजून विश्वास ठेवणारी,
अक्का


दुधनी,
२४ जुलै २०२५

ती. अक्कास साष्टांग, कान धरून.

चूक माझी. रेडिओला आम्ही सरळ सहा व्होल्ट देत होतो, मध्ये गडी कोण ठेवणार? पाच-सहाचा हिशेब मी तोंडानं केला, हातानं कधी केला नव्हता.

या वेळी माझं दुकान आता जो चालवतो त्या शिवयोगीला पुढ्यात बसवून विचारलं. त्यानं आधी मला विचारलं की बोर्डाला पाच व्होल्ट लागतात असं कोण म्हणालं. मी म्हटलं, अक्का म्हणाल्या. तो म्हणाला, अक्कांना दुकानदार म्हणाला असेल. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या बोर्डाच्या कागदावर त्यानं बोट ठेवून दाखवलं, बोर्ड आणि बिनतारी तुकडा दोन्ही तीन पूर्णांक तीन दशांश व्होल्टवर चालतात. पाचची गरजच नव्हती. आपण दोघं नसलेल्या पाहुण्याचा स्वयंपाक करत होतो की.

तर तीन मोठे सेल, साडेचार व्होल्ट. सोबत पाठवलेला बुटका रेग्युलेटर लावा. दिसायला तोही तीन पायांचा, पण त्याला वर थोडीशीच जागा पुरते आणि बसल्या जागी तो काही खात नाही म्हटलं तरी चालेल. पायांची क्रमवारी जुन्या गड्यापेक्षा वेगळी आहे, कागद बघून जोडा, नाहीतर धूर निघेल. शिवयोगीनं काम नसताना बोर्डाला झोपवायची युक्ती पण लिहून दिली आहे. मग पेटी बसल्या जागी तीन मिलिअँपिअर घेईल. पाच हजार भागिले तीन, एकोणसत्तर दिवस. सेल पूर्ण पिळले जात नाहीत, तेव्हा साठ धरा.

दाजींचं कुलुपाचं वाचून चंद्रिका जेवली नाही. मी जेवलो, पण चव लागली नाही.

माया तेवढी उतरू देऊ नका.

आपला,
गुरुशांत


सोलापूर,
९ ऑगस्ट २०२५

चि. गुरुशांत यास आशीर्वाद. शिवयोगींना स्वतंत्र आशीर्वाद, ते प्रश्न विचारतात.

बुटका बसवला. मीटरवर तीन पूर्णांक तीन दशांश, काटेकोर. पेटी बसल्या जागी तीन पूर्णांक एक दशांश मिलिअँपिअर घेते, मी तीनदा मोजलं. दार उघडलं की घंटा, बंद असलं की शांतता. जन्मभराची नाही तरी साठ दिवसांची निश्चिंती मिळाली असं वाटून मी त्या दिवशी पुरण घातलं.

तिसऱ्या दिवशी पेटी बंद.

सेल नकली असतील म्हणून दुसऱ्या दुकानातून आणले. चौथ्या दिवशी बंद. तिसऱ्या दुकानातून आणले. तिसऱ्या दिवशी बंद. सुरुवातीला प्रत्येक सेल दीडच्या वर असतो, नंतर एकाहून खाली. बोर्ड बदलला, चुंबकाची कळ बदलली, सगळे डाग पुन्हा दिले. पेटी वहीवर ठेवून शाळेतल्यासारखं लिहून काढलं: दिलेले, काढायचे, सूत्र, उत्तर. उत्तर साठ दिवस येतं. गणित चुकत नाही आणि घंटा वाजत नाही.

एक गोष्ट लिहायला हवी, तिचा अर्थ मला लागत नाही. परवा पूजा आटोपून दहाला सहज पेटीला हात लावला तर आतले सेल कोमट होते. तीन मिलिअँपिअरने चहाचा चमचासुद्धा तापत नाही.

मी आयुष्यभर पोरांना सांगितलं की निसर्ग लहरी नाही, आपण पाहायला कमी पडतो. आता रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, मीच काहीतरी विसरते आहे. घरात एक विसरणारा आहे तो पुरे. महिनाअखेर जवळ येते आहे. कुलूप कपाटात आहे, किल्ली पदराला आहे.

काही सुचलं तर लगेच लिही. नाही सुचलं तरी लिही.

अक्का


दुधनी,
१३ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास नमस्कार. आज चेष्टा नाही.

तुम्ही काही विसरत नाही. कोमट सेल म्हणजे कोणीतरी त्यातून भराभरा वीज ओढतंय, आणि पेटी ते करत नाही हे तुम्ही मोजलं आहे. मग पेटीबाहेरचं कोणीतरी.

आमच्या दुकानात दुरुस्त केलेल्या रेडिओच्या स्क्रूवर आम्ही नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो. गिऱ्हाईक परत येऊन शपथा घ्यायचं की उघडला नाही, आणि ठिपका फुटलेला असायचा. तुम्ही पेटीच्या स्क्रूवर ठिपका द्या आणि कोणाला सांगू नका. नेलपॉलिश ईरम्माकाकूंकडून आणा. तुमच्या घरात नसणार हे मला माहीत आहे.

काय निघालं ते लगेच कळवा, इकडे आम्ही दोघं वाट बघतोय.

गुरुशांत


सोलापूर,
२० ऑगस्ट २०२५

चि. गुरुशांत यास आशीर्वाद.

ठिपका पहिल्याच दिवशी फुटला.

दुसऱ्या दिवशी मी पूजेच्या खोलीत गेले, घंटी वाजवली आणि पूजेला न बसता दाराआड उभी राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटी घंटी वाजवली, ती देवाने पोटात घालावी. नऊ चाळीसला दाजी आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. स्टूल आणलं, पाय पुसून वर चढले, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पेटी उघडली. माझं नाव ज्यांना कधी आठवतं, कधी नाही, त्यांच्या हाताला चारही स्क्रू तळहातावर क्रमाने ठेवणं आठवत होतं. मग त्यांनी कातडी पिशवीतून त्यांचा जुना अँपिअर-मीटर काढला आणि त्याच्या दोन्ही सळ्या सेलच्या दोन टोकांना टेकवल्या.

तुला कळलं असेल. जुनी माणसं सेल असाच तपासत, सेल किती अँपिअर मारतो ते काट्यावर बघून. पण ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत टेकवायचं असतं, कारण तेवढा वेळ सेलची दोन टोकं थेट जोडलेलीच असतात. दाजी टेकवतात, काटा पाहतात, आणि मग टेकवलेलं विसरतात. मी घड्याळ पाहिलं. पहिला सेल चार मिनिटं, दुसरा सहा. तिसऱ्याच्या वेळी त्यांना रस्त्यावरून जाणारा भाजीवाला दिसला. मग पेटी नीट बंद केली, स्टूल जागेवर ठेवलं, खिशातली वही काढून काही लिहिलं, आणि दार उघडून निघाले. घंटा अर्थातच वाजली नाही. मी फाटकापाशी गाठलं.

दुपारी ते झोपल्यावर वही पाहिली. दुसऱ्याची वही न विचारता उघडणं मला पटत नाही, तरी पाहिली. तीन आठवड्यांच्या रोजच्या नोंदी आहेत, अक्षर जराही हललेलं नाही. तारीख, वेळ, पेटी क्रमांक एक, तिन्ही सेलचे अँपिअर, नादुरुस्त, बदलण्यास कळविले. मला कोणी कळविलं नव्हतं. शेवटच्या रकान्यात शेरा आहे, प्रत्येक दिवशी तोच: ग्राहक महिला घरी एकट्या राहतात, घंटा बंद पडता कामा नये.

मी ते वाक्य बऱ्याच वेळा वाचलं. मी त्यांच्यासाठी पेटी केली आणि ते ती माझ्यासाठी राखत आहेत. आणि घरात माझ्यासोबत कोणी राहतं, हे त्यांच्या नोंदीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना व्होल्टमीटर दिला. तो कितीही वेळ टेकवला तरी सेलचं काही बिघडत नाही. त्यांनी तो नम्रपणे परत केला. तपासणीची पद्धत वरून लेखी आदेश आल्याशिवाय बदलता येत नाही, असं सांगितलं.

तेव्हा मला लेखी आदेश हवा आहे. मी शाळेत कोणाला खोटा दाखला दिला नाही, अगदी जन्मतारीख एक दिवस मागे करायलासुद्धा नाही. हा मी लिहिणार नाही, तू लिही. तुझं अक्षर ते ओळखणार नाहीत. वीज मंडळाचं नाव घालायचं नाही. पेटी तपासायची ती व्होल्टमीटरनेच, आणि कर्मचाऱ्याने दारापाशीच थांबायचं, एवढंच असावं.

चूक की बरोबर, ते मला ठरवता येत नाही. तू ठरव आणि पाठव.

अक्का


दुधनी,
२५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

चूकच असेल तर माझ्या खात्यावर राहू दे, मी धाकटा आहे. आदेश खाली लिहिला आहे, तेवढा कागद कापून त्यांना द्या. चंद्रिकानं तीनदा शुद्ध करायला लावला. ती म्हणाली, दाजींनी आयुष्यभर चांगले आदेश वाचलेत, असला तसला चालायचा नाही.

आदेश. श्री. महेश्वर धनशेट्टी, वरिष्ठ तंत्रज्ञ, यांची नेमणूक पुढील सूचनेपर्यंत पेटी क्रमांक एक, मुख्य दरवाजा, येथे करण्यात येत आहे. सेलची तपासणी रोज सकाळी ९.४० वाजता फक्त व्होल्टमीटरने करावी. अँपिअर-मीटर कार्यालयात जमा करावा. कर्मचाऱ्याने नेमणुकीचे ठिकाण सोडू नये. ग्राहकाची सोय प्रथम पाहावी.

शेवटची ओळ माझी नाही, चंद्रिकाची.

दसऱ्याला येतो. तोवर आम्ही तुमच्याजवळच आहोत असं समजा.

गुरुशांत


सोलापूर,
१२ सप्टेंबर २०२५

चि. गुरुशांत आणि सौ. चंद्रिका यांस अनेक आशीर्वाद.

आदेश दाजींना दिला. चष्मा लावून दोनदा वाचला, मग उलटून मागची बाजू पाहिली, आणि मला सांगितलं की यावर जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, असला कागद कुठल्याही ऑफिसात चालणार नाही. कोपऱ्यात लाल शाईने तसा शेरा मारून कागद परत केला. तुमच्या दोघांची मेहनत त्यांनी एका ओळीत नापास केली. मला हसू आलं. या घरात ती बऱ्याच दिवसांनी आलेली गोष्ट आहे.

पण पद्धत बदलणार हे धरून त्यांनी अँपिअर-मीटर मात्र माझ्याकडे जमा केला. खरा आदेश टपालाने येईल म्हणून ते रोज साडेनऊला तयार होऊन दारातल्या खुर्चीवर बसतात. पोस्टमन आला की उभे राहतात. नाही आला तर बसून राहतात. या पंधरा दिवसांत दोनदा घंटा वाजली आणि दोन्ही वेळा मी फाटकाच्या आत गाठलं. एकदा उशीर होईल, हे मला माहीत आहे. सेल मात्र दीडच्या वर आहेत. कुलूप ईरम्माकाकूंना त्यांच्या कोळशाच्या खोलीसाठी देऊन टाकलं.

आदेश येईपर्यंत काम अडू नये म्हणून त्यांनी मला विचारलं की तोवर तोंडी आदेश कोणाचा समजायचा. मी म्हटलं, माझा. त्यांनी वही काढली आणि आदेश देणाऱ्याचं नाव या रकान्यात माझं नाव लिहून घेतलं. मी सांगायच्या आत लिहून झालं होतं. सिद्धेश्वरी महेश्वर धनशेट्टी. मधलं नाव लिहिताना पेन थांबलं नाही. मग वही मिटून त्यांनी मला विचारलं की बाई, घरी आणखी कोण कोण असतं.

मी सांगितलं, आम्ही दोघं. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि शेऱ्यातला एकट्या हा शब्द खोडला.

नवा आदेश पाठव. जावक क्रमांक टाक, आणि शिक्का गोल असू दे, चौकोनी त्यांना चालत नाही.

तुमची,
अक्का